टेपचं शून्य कुठे आहे?

लोकर हलकी असते हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. त्या हलकेपणाचेसुद्धा पैसे मोजावे लागतात, हे कळायला ४०,९१० रुपये गेले.

मी डोंबिवलीत राहते, क्रोशे करते. आमच्या विणकामाच्या ग्रुपातल्या आम्ही तिघी. अमेरिकेतल्या दोन दुकानांचा सेल लागला होता, हाताने रंगवलेली मेरिनो, म्हणजे मेंढीची मऊ लोकर. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते ती बहुतेक कृत्रिम, अॅक्रिलिक, त्यामुळे तिघींच्याही तोंडाला पाणी सुटलं. शंभर ग्रॅमच्या साठ लडी, सेलमधली किंमत सुमारे २१,००० रुपये. ही दुकानं भारतात पाठवत नाहीत. अशा वेळी फॉरवर्डर गाठायचा असतो. तो तुम्हाला अमेरिकेतला एक पत्ता देतो, सामान त्याच्या गोडाऊनवर जातं, तो सगळं एका खोक्यात भरून इकडे धाडतो. पत्ता बहुधा डेलावेअर नाहीतर ओरेगनचा, कारण तिथे विक्रीकर नाही. आमचा डेलावेअरचा होता. तेवढं एक खरं निघालं.

फॉरवर्डर आम्हाला फेसबुकवरच्या एका खरेदीच्या ग्रुपात सापडला. नाव लिहीत नाही. का ते शेवटी कळेल. त्याच्या पानावर कॅल्क्युलेटर होता: वजन टाका, रक्कम बघा. मी सात किलो टाकले, ९०० रुपये किलोने ६,३०० आले. तिघींत प्रत्येकी २,१००. मी लगेच दोघींकडून तेवढे घेऊन मोकळी झाले. त्या कॅल्क्युलेटरमध्ये लांबी-रुंदी-उंचीचे रकाने नव्हते, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

विमानात जागा विकतात. म्हणून कुरिअरवाले खोक्याची तिन्ही मापं सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणतात आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागतात. येतं ते व्हॉल्युमेट्रिक वजन. खरं वजन आणि हे, यातलं जे जास्त असेल त्याचे पैसे, तेही पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत चढवून. अमेरिकेतले लोक इंचात मोजून १३९ ने भागतात आणि पौंडात उत्तर काढतात, पण हिशेब जवळपास तोच. पुस्तकं, पितळी समई मागवणाऱ्याला याची झळ लागत नाही. लोकर, उशा, खेळणी, दिव्यांच्या शेड मागवणाऱ्याचं मात्र कंबरडं मोडतं.

तीन आठवड्यांनी निरोप आला, "ताई, तुमची तीन खोकी एकात बसवली. माप ६० × ४५ × ४५. वजन साडेचोवीस किलो धरलंय." सोबत फोटो. लाल गालिच्यावर तपकिरी खोकं, त्यावर पिवळी टेप, साठाचा आकडा स्पष्ट. मी गुणून-भागून पाहिलं: २४.३. गणित बरोबर होतं, म्हणून मी गप्प बसले. गणित बरोबर आलं की आपल्याला माणूसही बरोबर वाटतो. २२,०५० रुपये भरले. दोघींना सांगायची लाज वाटली, वरचा फरक मीच घातला. घरी यांना तर पुष्कळ दिवस सांगितलंच नाही.

मग आणखी ८,४०० मागितले, "कस्टम ड्युटी आधीच भरून टाकू, दारात कटकट नको." तेही दिले, एका माणसाच्या यूपीआयवर. कंपनीच्या खात्यावर नव्हे. आणि पुढचा प्रश्न, "ताई, गिफ्ट लिहू का? कमी लागेल." मी म्हटलं, लिहा.

इथे दोष माझाच आहे. डिसेंबर २०१९ पासून पोस्टाने किंवा कुरिअरने येणारं सामान भेट म्हणून पूर्ण ड्युटी न भरता सोडवता येत नाही. राख्या आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली आहेत. आणि केवायसीला आधार माझं दिलेलं, म्हणजे कस्टमच्या लेखी माल मागवणारी मी. फॉरवर्डरने कागदावर काहीही लिहिलं तरी उत्तर मीच द्यायचं. त्याने लिहिलं होतं, 'जुने कपडे, भेट, ४० डॉलर'. पार्सल एकोणीस दिवस अडकलं. कुरिअर कंपनीने खरी बिलं मागितली, मी दुकानांची बिलं पाठवली, तेव्हा सुटलं.

डिलिव्हरीचा मुलगा आला आणि म्हणाला, "काकू, १०,४६० भरायचे आहेत."

"अरे, ड्युटी आधीच भरली आहे."

"आमच्याकडे काहीच दिसत नाही. हा कागद बघा."

कागद खरा होता, भरावे लागले. त्यावर वजन होतं ७.१ किलो. खोकं मी एकटीने उचलून आत आणलं, आणि आणता आणताच डोक्यात आलं की हे टेबलावर मावतंय! ६० सेंटिमीटरचं खोकं माझ्या त्या टेबलावर मावत नाही. विणकामाची टेप हाताशीच होती. ४७, ३८, ३३. ५,००० ने भागून ११.७९, म्हणजे बारा किलो. प्रामाणिक हिशेबानेही १०,८०० झाले असते. ६,३०० कधीच होणार नव्हते. पण त्याने साडेबारा किलो हवा विकली, ११,२५० रुपयांची.

फोटो परत उघडला आणि बोटांनी मोठा केला. साठाचा आकडा दिसतोय, पण टेपचं दुसरं टोक फोटोच्या बाहेर आहे. शून्य कुठून सुरू झालं ते दिसतच नाही. आणि खोक्यावर माझं नाव असलेलं लेबलही नाही.

विचारलं तर उत्तर आलं, "ताई, माप मशीन घेतं." दुसऱ्या मेसेजला ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला, पण पैसे जाऊन दीड महिना झाला होता. तो नंबर लगेच फिरवायचा असतो. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनकडेही तक्रार नोंदवली. त्यांनी बिल मागितलं. माझ्याकडे चॅट होतं, बिल नव्हतं. पैसे आलेले नाहीत.

पुढच्या वेळी (हो, पुढची वेळ आली, लोकर संपते) दुसरा फॉरवर्डर घेतला. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी मागितल्या: लेबलसकट आणि तिन्ही बाजूंना टेपचं शून्य दिसेल असा फोटो, माप कशाने भागून वजन लावता ते लिहून, आणि ड्युटी मी कुरिअरला थेट भरणार, असं त्याच्याकडून कबूल करून. दुकानांची खोकी काढून टाकायला सांगितलं आणि लडी हवा काढायच्या पिशव्यांत दाबून भरायला लावल्या. त्याचे ३५० रुपये घेतले त्याने, पण खोकं ४० × ३० × २५ चं झालं, म्हणजे सहा किलो. खरं वजन ६.३, बिल साडेसहाचं. पिशवीतून काढल्यावर लोकर पापडासारखी चपटी दिसते. घाबरू नका. दोन दिवस टोपलीत मोकळी ठेवली की फुगते.

ड्युटी वाचवण्याचा मार्ग मला सापडलेला नाही आणि शोधायचाही नाही. मालाची किंमत, भाडं आणि विमा मिळून ती लागते. विमानाचं भाडं मात्र किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरतात. अंदाज काढताना एवढं पुरतं.

काल बहिणीने तिच्या भिशीच्या ग्रुपातला एक मेसेज पाठवला, 'अमेरिकेतून स्वस्तात सामान मागवा, ताईंचा विश्वास'. नाव वेगळं, नंबर वेगळा. सोबत फोटो: लाल गालिचा, तपकिरी खोकं, पिवळी टेप, साठाचा आकडा.