काळं केसाळ शेवाळ आणि सीकेम फ्लरिश एक्सेल: नाशिकच्या टाकीत वापरताना

माशांच्या टाकीत अनुबियस या रुंद पानांच्या पाणवनस्पतीच्या कडांना, ड्रिफ्टवूडला (सजावटीच्या लाकडाला), फिल्टरच्या नळीच्या तोंडाशी काळे-करडे झुबके धरले की ते नखाने खरवडूनही निघत नाहीत. हे ब्लॅक ब्रश अल्गी, म्हणजे खरं तर लाल शेवाळाच्या कुळातलं. त्यावर सीकेम कंपनीचं फ्लरिश एक्सेल हे द्रव चोख काम करतं. बाटलीवर ते वनस्पतींचा कार्बन म्हणून विकलं जातं, पण सिलिंडरमधून टाकीत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडची सर त्याला नाही. शेवाळाचं औषध म्हणूनच घ्या.

कंपनीचं प्रमाण असं: सुरुवातीला, आणि ४० टक्क्यांहून जास्त पाणी बदललं की, ४० लिटरला ५ मिली. नंतर रोज किंवा दिवसाआड २०० लिटरला ५ मिली. ६० × ३० × ३६ सेंमीची टाकी कागदावर ६५ लिटरची असते, पण माती, दगड, लाकूड वजा जाता पाणी ५० लिटरच्या आसपासच उरतं. म्हणजे पहिला डोस सव्वासहा मिली, रोजचा सव्वा मिली. झाकणाने मापू नका, मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज आणा.

नुसतं पाण्यात ओतण्यापेक्षा झुबक्यावर सोडलेलं जास्त लागू पडतं. फिल्टर बंद करा, सिरिंजचं टोक झुबक्याला जवळजवळ टेकवून औषध हळूहळू सोडा, पाच-दहा मिनिटं पाणी हलू देऊ नका, मग फिल्टर चालू करा. त्या दिवशीचं एकूण औषध सव्वासहा मिलीच्या वर जाता कामा नये. कोळंबी असेल तर निम्म्यापासून सुरुवात करा. काही दिवसांत झुबके गुलाबी-लालसर होतात, मग पांढरट. लाल रंग दिसला म्हणजे शेवाळ मेलं. पुन्हा मारा करायची गरज नाही. मेलेले झुबके सियामीज अल्गी ईटर मासे आणि अमानो कोळंबी आवडीने खातात. हातात ग्लोव्हज घाला, खिडकी उघडी ठेवा. हे ग्लुटाराल्डिहाइडच्या जातीचं रसायन आहे.

आता नाशिकची अडचण. बोअरचं पाणी जड, त्यात व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती झकास वाढते, म्हणून ती इथल्या बऱ्याच टाक्यांत असते. आणि एक्सेलने सगळ्यात आधी वितळते तीच! रिक्सिया ही तरंगती वनस्पती आणि काही मॉसही दगा देतात. व्हॅलिस्नेरियाची टाकी असेल तर बाटली घेऊच नका. दुसरं, एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी सहज ३० अंशांपुढे जातं. २५ अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ ला ७.३ च. त्यात शेवाळ कुजून ऑक्सिजन खातं. म्हणून डोस सकाळी द्या, एअर पंप लावा, आणि लाइट जायची शक्यता असेल त्या दिवशी नकोच.

हिरव्या ठिपक्यांच्या शेवाळावर याचा भरवसा धरू नका. तिथे काचेवर ब्लेड फिरवा आणि फॉस्फेट तपासा. निळसर-हिरव्या बुळबुळीत थरासाठीही हा उपाय नाही, तो शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू असतो.

स्वस्तात भागवायचं तर हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये बहुधा २० व्हॉल्यूमचं, म्हणजे ६ टक्क्यांचं मिळतं. त्यात तेवढंच आरओचं पाणी घालून ३ टक्के करा. ५० लिटरला १२ मिलीपर्यंत, त्याच सिरिंजच्या पद्धतीने. एक्सेल आणि पेरॉक्साइड एकाच दिवशी नको. दवाखान्यातली हत्यारं निर्जंतुक करायचं ॲक्टिव्हेटर मिसळलेलं ग्लुटाराल्डिहाइड स्वस्त पडतं म्हणून काहीजण टाकीत ओततात. त्या वाटेला जाऊ नका.

दर आठवड्याला निम्मं पाणी बदलणाऱ्याला ५० लिटरच्या टाकीत आठवड्याला पावणेचौदा मिली लागतं, म्हणजे २५० मिलीची बाटली साधारण चार महिने पुरते. त्या चार महिन्यांत दिवे रोज सहा-सात तासांवर आणा, सिलिंडर असेल तर गॅस टायमरवर स्थिर ठेवा, अनुबियसची जुनी पानं देठापासून कापून टाका. गॅस कमीजास्त होत राहिला तर बाटली संपल्यावर तेच झुबके पुन्हा त्याच लाकडावर उगवतात.