आठ महिने, अकरा जेवणं: सिंगापुरातल्या हॉटपॉट-बार्बेक्यूचा अनुभव

गेल्या आठ महिन्यांत आम्ही चौघं एकाच हॉटपॉट-बार्बेक्यूच्या ठिकाणी अकरा वेळा जेवलो. एकदा जाऊन आल्यावर लिहायचा मोह मी आवरला, कारण पहिल्या दोन-तीन खेपांना आपण नुसते शिकत असतो. काय कधी टाकायचं, काय कधी काढायचं, आणि मुख्य म्हणजे कोणाच्या ताटात काय चालत नाही.

आमचं टेबल असं: मी वेंगुर्ल्याची, मासे जीव की प्राण. एक साताऱ्याचा मित्र, पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. ऑफिसातली एक चिनी मैत्रीण, मूळची मलेशियातल्या इपोहची. आणि इथेच जन्मलेला-वाढलेला एक तमिळ मित्र, जो बीफ खात नाही. या चौघांना एका भांड्याभोवती बसवणं सोपं नाही. पण जमलं, आणि ते कसं जमलं यासाठीच हे लिहिते आहे.

टेबलाच्या मधोमध विजेची शेगडी. तिच्यावर आडवा पडदा घातलेलं दोन कप्प्यांचं भांडं, एकात लाल रस्सा, दुसऱ्यात पांढरा. बाजूला भाजायचा तवा, तेल निथळायला एका अंगाला उतार असलेला. (थायलंडचा मूकाता वेगळा. त्यात मध्ये घुमटासारखा उंच तवा आणि भोवतीच्या खळग्यात रस्सा असतो, मांसाचा रस ओघळून त्यात उतरतो. चवीला फार छान, पण शाकाहारी माणूस बरोबर असेल तर तिकडे जाऊ नका.) शीतकपाटांतून हवं ते आपण उचलून आणायचं: पातळ कापलेलं मांस, कोळंबी, फिशबॉल, टोफू, कमळकाकडी, भोपळा, मका, चार-पाच तऱ्हांचे मशरूम, पालेभाज्या, काचेसारख्या शेवया. वेळ ९० मिनिटं.

आता लाल रश्श्याबद्दल, कारण माझा जीव तिथेच अडकलाय. त्याला मा-ला म्हणतात. मा म्हणजे बधिर करणारं, ला म्हणजे तिखट. पहिल्या दिवशी मी कमळकाकडीची एक चकती त्यातून काढली, फुंकर घातली आणि चावली. आधी मिरचीचा ठसका आला, तो ओळखीचा होता. मग ओठांना आणि जिभेच्या शेंड्याला मुंग्या आल्या, आणि पाठोपाठ नाकात एक वास शिरला. मी चॉपस्टिक खाली ठेवली. तो वास आमच्या स्वयंपाकघरातला होता. बांगड्याच्या तिखल्यात आई शेवटी ठेचून टाकते त्या तिरफळांचा. झाऱ्याने तळाशी ढवळलं तर खरंच, लालसर तपकिरी, उकललेली छोटी बोंडं वर आली. तिरफळंच जणू, फक्त बारीक.

नंतर वाचून कळलं की चीनमधल्या सिचुआन प्रांताची ही मिरी आणि आपलं तिरफळ एकाच वनस्पती-गटातली, त्या गटाचं शास्त्रीय नाव झँथोझायलम. जिभेला मुंग्या आणणारं द्रव्य म्हणजे सॅन्शूल. दोन्हीत कामाचं असतं ते वरचं साल. आतली काळी बी कचकचते म्हणून काढून टाकतात, तिकडेही आणि आपल्याकडेही. आम्ही तिरफळं माशाच्या कालवणात घालतो हे इपोहच्या मैत्रिणीला सांगितलं, तेव्हा तिचा विश्वासच बसेना.

एक महत्त्वाची गोष्ट. मा-ला रश्श्यात पुष्कळदा बैलाची किंवा गाईची चरबी असते, चोंगचिंग या चिनी शहराच्या पद्धतीत तर असतेच. मेन्यूवर ते लिहिलेलं असेलच असं नाही. आमच्या मैत्रिणीने पहिल्याच दिवशी ऑर्डर देण्याआधी चिनीत विचारलं आणि वनस्पती तेलातला रस्सा मागवला, म्हणून तमिळ मित्राला निर्धास्त जेवता आलं. न विचारता बसू नका.

जिथे विचारलं नाही तिथे चुकलं. पांढरा रस्सा मशरूमचा, म्हणून साताऱ्याचा मित्र दोन खेपा त्यातून जेवला. तिसऱ्या वेळी वाढणाऱ्या आंटीने सहज सांगितलं की मशरूम नंतर पडतात, पाया कोंबडीच्या हाडांच्या पाण्याचा आहे. तो काही बोलला नाही. वाटी बाजूला सरकवली आणि उरलेला वेळ नुसता चहा पीत बसला. मला आजही त्या संध्याकाळची खंत वाटते. मेन्यूवर हिरवं पान छापलेलं होतं. आम्ही जाब विचारला, त्यांनी माफी मागितली, पण पुढच्या महिन्यात मेन्यू तोच होता.

त्यावर उपाय मात्र आंटीनेच काढला. एका माणसापुरतं छोटं भांडं आणि सुटी शेगडी त्यांच्याकडे होती. आता त्यात आम्ही नुसतं गरम पाणी मागतो. आल्याचे काप, टोमॅटो, कांद्याची पात, सुके मशरूम त्यात आपणच टाकायचे. पंधरा मिनिटांत असा काही रस्सा तयार होतो की आम्ही बाकीचे वाटी पुढे करतो. तव्याचाही नियम ठरलाय. तवा तापला की पहिली फेरी साताऱ्याच्या मित्राची: मका, भोपळा, किंग ऑयस्टर मशरूमचे जाड काप. त्याचं भाजून झाल्याशिवाय मांसाची थाळी कोणी हलवत नाही.

दुसरा प्रश्न उष्ट्याचा. आपल्या घरांत वाढायचा डाव आणि जेवायचा हात वेगळे ठेवायची सवय हाडीमाशी भिनलेली असते. इथे चौघांच्या चॉपस्टिक एकाच रश्श्यात. मला सुरुवातीला घास उतरत नव्हता, आणि सांगायचा संकोच वाटत होता. शेवटी सांगितलं. मैत्रीण म्हणाली, तिच्या घरीही आजी भांड्यासाठी वेगळ्या, सगळ्यांच्या मिळून चॉपस्टिक ठेवते. तेव्हापासून भांड्यात फक्त झारा जातो.

चिमटे दोन घ्या, एक कच्च्याला आणि एक शिजलेल्याला. चौथ्या खेपेला आम्ही एकाच चिमट्याने कच्चं चिकन तव्यावर टाकत होतो आणि भाजलेला मका उचलत होतो. दोन दिवस माझं पोट बिघडलं होतं. चिकनची जाडसर फोड मधोमध कापून बघा, आत गुलाबी दिसली तर परत ठेवा. गप्पांच्या नादात हे हमखास राहून जातं, म्हणून तव्यापाशी एकच जण बसवा. आमच्याकडे ते काम तमिळ मित्राचं. त्याचं "थांब, अजून कच्चंय" ऐकल्याशिवाय कोणी हात घालत नाही.

शिजवायच्या वेळा अनुभवाने कळतात. पातळ कापलेलं मांस दहा-पंधरा सेकंद, रंग बदलला की काढायचं. फिशबॉल फुगून वर तरंगले की झाले. कमळकाकडी आणि बटाटा आधी टाकून विसरून जायचं. पालेभाजी शेवटी. आणि शेवया सगळ्यांत शेवटी, पांढऱ्या बाजूला, जिथे तोवर सगळ्याचा अर्क उतरलेला असतो. लाल रस्सा पिऊ नका. त्यात मीठ आणि तेल भरपूर असतं, आणि शेवटाला आटून तो आणखी खारट होतो.

खर्च: आठवड्यातल्या मधल्या दिवशी माणशी ३० डॉलर. पण मेन्यूवर आकड्यापुढे दोन अधिकची चिन्हं असतात. १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर ९ टक्के जीएसटी धरून जवळजवळ ३६ होतात. शनिवार-रविवारी याहून जास्त, शिवाय रांग. ताटात टाकलं तर वेगळे पैसे लावतात, आणि ते मला योग्यच वाटतं. माझ्या मित्राला शाकाहारी म्हणून एक डॉलरही कमी लागत नाही, हे मात्र पटत नाही. कपड्यांना आणि केसांना वास लागतो, दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो. ऑफिसचं जॅकेट घालून जाऊ नका.

चौघांपेक्षा जास्त जणांनी जाऊ नये असं माझं मत आहे. एकदा सातजण गेलो तर दोन टेबलं जोडावी लागली आणि दोन वेगळी जेवणं झाली. चौघांत एकजण टाकतो, एकजण काढतो, एकजण भाजतो, एकजण सॉस कालवून आणतो. हात गुंतलेले असतात, त्यामुळे फोनही कोणी काढत नाही. तिळाची पेस्ट, काळा व्हिनेगर, भरपूर लसूण आणि कोथिंबीर हे माझं मिश्रण. मैत्रीण आता न विचारता माझ्यासाठी तेच घेऊन येते.

परवा अकराव्या जेवणाला मी आईने पाठवलेली तिरफळांची पुडी घेऊन गेले होते. मैत्रिणीने एक बोंड चुरगळून हुंगलं, मग जिभेवर ठेवलं आणि बराच वेळ गप्प बसली. पुढच्या रविवारी ती माझ्याकडे जेवायला येणार आहे. तिखल्यासाठी मासा कुठला आणू म्हणून विचारत होती. बांगड्याचं चित्र दाखवल्यावर म्हणाली, "हा तर कम्बुंग! टेक्का मार्केटमधून सकाळीच ताजा आणते."