मिलानचं ‘लास्ट सपर’: तिकीट काढलंत तर दोन्ही भिंती बघा

मिलानला जायचं ठरलं की सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या भोजनगृहाचं तिकीट सगळ्यात आधी काढा; लिओनार्दो दा विंचीचं ‘लास्ट सपर’ हे भित्तिचित्र, म्हणजे येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं जेवण, तिथल्या भिंतीवर आहे. ऑनलाइन तिकिटं ठरावीक काळाने खुली होतात आणि भराभर संपतात. आत मोजकीच माणसं सोडतात, तीही पंधरा मिनिटांसाठी. बाहेरची धूळ आणि दमट हवा शिरू नये म्हणून काचेची दारं एकापाठोपाठ एक उघडतात. वेळ अपुरा पडतो, पण भिंतीची अवस्था पाहिल्यावर तक्रार करावीशी वाटली नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे नजर आधी रंगाच्या थरावर गेली. फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंगवायचं असतं. चुना वाळायच्या आत त्या दिवसाचा तुकडा संपवावाच लागतो. मग रंग भिंतीचाच होऊन बसतो. लिओनार्दोला ही घाई नको होती. कधी दिवसभर काम, कधी नुसतं बघत उभं राहून दोन फटकारे मारून परत, असं त्याला पाहिलेल्या माणसाने लिहून ठेवलंय. म्हणून १४९५ ते १४९८च्या सुमारास त्याने कोरड्या भिंतीवर रंगवलं. ‘तुमच्यातला एक जण मला धरून देईल’ हे येशूचं बोलणं ऐकताक्षणी त्याच्या बारा शिष्यांचं काय झालं, हा चित्राचा विषय. थैली आवळून मागे सरलेला, सावलीतला यहूदा, म्हणजे धरून देणारा तोच. बोट वर केलेला थोमा. पातळ थरावर थर चढवत, पुन्हा पुन्हा हात फिरवल्याशिवाय हे चेहरे असे उतरले नसते. पण तो जिवंत असतानाच रंग सुटायला लागले.

१९७८ ते १९९९ पिनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन यांनी जीर्णोद्धार केला. गेलेल्या जागा फिक्या जलरंगांनी भरल्यात, त्यामुळे लिओनार्दोचा हात कुठे आहे ते कळतं. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला.

आता मागे वळा. समोरासमोरच्या भिंतीवर मोंतोर्फानो या चित्रकाराचा १४९५चा क्रूसारोहणाचा फ्रेस्को आहे. रंग अजून ठसठशीत, पण इतक्या गर्दीतला एकही चेहरा मनात राहत नाही. त्याच भिंतीवर खाली तेव्हा मिलानवर राज्य करणाऱ्या स्फोर्झा कुटुंबाच्या गुडघे टेकलेल्या आकृती नंतर कोरड्यावर काढल्या होत्या. त्या जवळपास पुसल्या गेल्यात. बहुतेकांची पाठ या भिंतीकडेच असते. अजिंठ्याची चित्रंही कोरड्या गिलाव्यावरची, त्यामुळे ते उडालेले रंग मला ओळखीचे वाटले.

पाच मिनिटं तिकडे द्या. उरलेल्या वेळात लिओनार्दोपासून बरंच मागे, मध्यावर उभं राहा. चित्रातला उजेड डावीकडून येतो आणि दालनाच्या खऱ्या खिडक्याही डावीकडेच आहेत. हे कुठल्याही छापील प्रतीत दिसत नाही.