इंदुरातली कुमार डार्ट्स स्पर्धा: बारा वर्षांखालच्यांना ५०१ कशाला?

मे महिन्याच्या सुट्टीत शहराच्या जुन्या भागातल्या एका सभागृहात दोन दिवस ही स्पर्धा झाली. बोर्ड चार, गट दोन: बारा वर्षांखालचे आणि अठरा वर्षांखालचे. खेळ ५०१, म्हणजे ५०१ मधून मिळालेले गुण वजा करत नेमकं शून्यावर यायचं. मोठ्या गटाचे पैसे वसूल झाले. धाकट्यांच्या आईबाबांनी मात्र पुढच्या वेळी नाव देण्याआधी थोडी चौकशी करावी.

मांडणीला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नव्हती, कूलर सोडले तर. बुलचा, म्हणजे बोर्डाच्या मधल्या वर्तुळाचा, मध्य जमिनीपासून १.७३ मीटर आणि थ्रो लाइन (फेकताना उभं राहायची रेषा) बोर्डाच्या दर्शनी बाजूपासून २.३७ मीटर, हे आकडे बहुतेकांना पाठ असतात. तरी टेप भिंतीलाच लावली जाते. ब्रिसल बोर्ड (दाबलेल्या तंतूंचा) जवळपास चार सेंटीमीटर जाड असतो, म्हणजे मूल तेवढं पुढे उभं राहतं आणि दुसऱ्या हॉलमध्ये गेलं की त्याचे डार्ट खाली पडू लागतात. इथे बोर्डाच्या दर्शनी भागावरून ओळंबा सोडून मापं घेतली होती, शिवाय बुलपासून रेषेपर्यंतचा तिरका कर्ण २.९३ मीटर भरतो का, तेही तपासलं होतं. रेषेवर चिकटपट्टीऐवजी ३८ मिलिमीटर उंचीची लाकडी पट्टी होती, त्यामुळे पाय पुढे सरकण्यावरून वाद झाले नाहीत. तिसऱ्या बोर्डाचा प्लायवूडचा स्टँड हलका होता आणि प्रत्येक डार्टला थरथरत होता. दुपारी पायाशी वाळूच्या पिशव्या ठेवल्यावर तो थांबला.

आता कूलर. इंदूरच्या मे महिन्यात ते लागणारच, पण पहिल्या दोन बोर्डांच्या अगदी बगलेत नकोत. झोताने हलका डार्ट भरकटतो, हे सगळ्यांच्या लक्षात येतं. दमट हवेने बोर्डातले सायझलचे (घायपातीसारख्या झाडाचे) तंतू फुगतात, हे कमी जणांच्या लक्षात येतं. बोर्ड मधोमध फुगून वर येतो, डार्ट काढल्यावर भोकं नीट मिटत नाहीत आणि टोक घट्ट धरत नाही. डार्ट काढायच्या आत खाली पडला तर गुण शून्य, पुन्हा फेकायला मिळत नाही. दुसऱ्या दिवशी या दोन बोर्डांवर असे डार्ट जास्त पडले. कूलर प्रेक्षकांच्या मागे ठेवून तोंड बोर्डांपासून वळवलं असतं तरी भागलं असतं.

ज्यांच्याकडे स्वतःचे डार्ट नव्हते त्यांना आयोजकांनी पितळी संच दिले. वजन २४ ग्रॅम. लहान हातांना १८ ते २० ग्रॅम बरे पडतात, आणि पितळी बॅरल (डार्टचा बोटांत धरायचा भाग) जाड असल्यामुळे ट्रिपल वीसच्या, म्हणजे वीसच्या तिप्पट गुणांच्या, ८ मिलिमीटरच्या पट्टीत तिसऱ्या डार्टला जागाच उरत नाही. काहींचे शाफ्ट (बॅरलमागची दांडी) आट्यांमध्ये सैल होते. दर फेरीनंतर बोटाने पिळून घट्ट करायला मुलांना कुणी सांगितलं नाही.

खरी गडबड फॉरमॅटची झाली. दोन्ही गटांना ५०१, डबलवर, म्हणजे बोर्डाच्या कडेच्या दुप्पट गुणांच्या पट्टीत, शेवट. कॅरममध्ये क्वीन कव्हर करावी लागते, तसा इथे शेवटचा डार्ट डबलमध्येच बसला पाहिजे, आणि डबलची पट्टीही ८ मिलिमीटरचीच. अठराखालच्यांना हे शोभतं. ३२ उरले की डबल सोळा धरायचा, चुकून सिंगल सोळात गेला तर डबल आठ, मग डबल चार, हा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. दहा वर्षांचं मूल तीन डार्टांत सरासरी २४ गुण करतं असं धरू. ५०१ ला एकवीस फेऱ्या, दोघांच्या बेचाळीस. फेरीला २५ सेकंद धरले तरी साडेसतरा मिनिटं, आणि डबलची झटापट पुढेच. त्यात गुण उरल्यापेक्षा जास्त झाले किंवा १ उरला की बस्ट, मागच्या आकड्यावर परत. एक लेग (५०१ चा एक डाव) अर्धा तास चालला की खांदा दुखतो, कोपर खाली येतं, आणि मग फेक शिकायची सोडून मुलं डार्ट भिरकावायला लागतात. बारा वर्षांखालच्यांना ३०१ द्यावं, डबलची अट नको. ज्युनिअर डार्ट्स कॉर्पोरेशन या कुमारांच्या डार्ट्स संस्थेच्या सराव-चाचणीतही आकडे, डबल आणि पुन्हा आकडे असे वेगवेगळे टप्पे आहेत. एका डबलसाठी मूल ताटकळत राहत नाही.

गुण मांडायला टॅबलेट आणि शेजारी मोठा फळा, दोन्ही होते. हे छान, कारण वजाबाकी चुकली तर प्रेक्षकांतले आजोबा लगेच ओरडतात. पण हरकत डार्ट बोर्डात असतानाच घ्यायची, काढल्यावर नाही, हा नियम सकाळी माइकवरून सांगायला हवा होता. दोन वाद त्यातूनच झाले. मार्कर, म्हणजे गुण लिहिणारी, मुलं मात्र बोर्डाकडे तोंड करून स्तब्ध उभी होती; मोठ्यांच्या स्पर्धांतही हे नेहमी दिसत नाही.

नाश्त्याला पोहे-जलेबी, अर्थातच. पोह्यांवरचं जिरावण (भुरभुरायचा मसाला) आणि जलेबीचा पाक बोटांना लागला की बॅरलची पकड जाते, आणि हात धुवायचा नळ जिना उतरून मागच्या अंगणात. टेबलावर ओला आणि कोरडा असे दोन नॅपकिन ठेवावेत.

धाकट्या गटात नाव देताना विचारायचे प्रश्न तीन: ३०१ की ५०१, गटसाखळी की पहिल्याच हारीत बाहेर, आणि उसन्या डार्टांचं वजन किती.