वादळाने कौलं उडवली, आढं मात्र माणसांनी नेलं

वादळ होऊन गेलं की आठवडाभरात गावात बाहेरच्या नंबरप्लेटचे टेम्पो फिरायला लागतात. आतली माणसं उतरतात, तुमच्या छपराकडे मान वर करून बघतात आणि हळहळत म्हणतात, "काका, हे काही खरं नाही, कधीही खाली येईल." त्यांना पाणी द्या, वाटल्यास चहाही द्या, पण शिडी लावू देऊ नका. आमच्या घरावर शिडी लागली आणि त्यानंतर जे गेलं ते वादळात गेलेल्याच्या कितीतरी पट होतं.

घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून जवळच. मी डोंबिवलीत, गावी काका-काकू. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. नाव रायगडचं झालं, पण दापोली-मंडणगडलाही त्याने सोडलं नाही. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, मोबाईलचे टॉवर बंद. त्यात लॉकडाऊन. जिल्ह्याबाहेर पडायचं तर ई-पास हवा, आणि पोचल्यावर विलगीकरण. गावातलं कोणीतरी चढावर जाऊन रेंज मिळवायचं आणि चार घरांचे निरोप एकदम द्यायचं. मृग तोंडावर आलेला. ताडपत्रीचे भाव भलतेच चढलेले, पत्रा मिळेल त्या दराने लोक घेत होते. अशा वेळी दाराशी येऊन कोणी "उद्या काम सुरू करतो" म्हणतो तेव्हा तो देवासारखाच वाटतो. या धंद्यातल्या लोकांना ते नेमकं माहीत असतं.

आमचं खरं नुकसान काय होतं, ते आधी सांगतो. समुद्राकडच्या बाजूच्या वळचणीच्या, म्हणजे छपराच्या खालच्या कडेच्या, दोन-तीन रांगा गेल्या होत्या, आढ्यावरचे, म्हणजे माथ्यावरच्या तुळईवरचे, बरेचसे कोने (माथा झाकणारी कौलं) उडाले होते, आणि एक माड पडवीवर पडून तिथले सिमेंटचे पत्रे फुटले होते. उरलेलं छप्पर जागेवर होतं. वारा नेहमी कडेला हात घालतो: वळचण, आढं, कोपरे. मधली कौलं एकमेकांत अडकलेली असतात, ती शक्यतो शेवटी हलतात. घराच्या बरोबर मधोमध, वाऱ्याच्या आडबाजूला, कडेची एकही रांग न हलता पाच-पंचवीस कौलं फुटलेली दिसली, वर झाड वा फांदीही पडलेली नसेल, तर ती वाऱ्याने फुटली का, हा प्रश्न विचारायलाच हवा. आमच्या मागच्या बाजूला शिडी उतरल्यानंतर नेमकी तशीच फूट निघाली. वर माणूस चढल्यावर कडाकडा आवाज आला होता, हे काकूने नंतर सांगितलं. तिला वाटलं, कौलं सारून बघतायत.

वर गेलेला माणूस तीन तडकलेली कौलं आणि मूठभर भुसा घेऊन खाली आला. "वासे आतून संपलेत काका. वाळवी आहे. कौलं बदलून उपयोग नाही, सगळंच उतरवायला लागेल." त्याचा व्हिडिओ माझ्याकडे आला. स्क्रूड्रायव्हर लाकडात लोण्यासारखा आत जातोय, बाजूने भुसा गळतोय. बघून पोटात गोळा आला. काकांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. "अरे, आम्ही रात्री झोपायचं कुठे सांग."

तो व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे. नंतर शांतपणे पाहिला तेव्हा लक्षात आलं की त्यातलं लाकूड फिकट तांबूस आहे. आमच्या स्वयंपाकघरात नि माजघरात वर्षानुवर्षं चूल पेटलेली. तिथला एकूण एक वासा धुराने डांबरासारखा काळा आहे, बोट लावलं तर काजळी निघते. व्हिडिओतलं लाकूड आमच्या घरातलं नव्हतंच. गोठ्यामागे टाकलेल्या एखाद्या जुन्या खांबाचं असेल किंवा आधीच्या गावातून बरोबर आणलेलं असेल. अशा व्हिडिओत एकसंध चित्रण मागा: दारापासून सुरू करून, ओटी, माजघर दाखवत, न तोडता वर छपरापर्यंत. नुसता क्लोजअप कुठलाही असू शकतो.

ठरलं ते असं. लोखंडी पाईपचा सांगाडा, त्यावर ०.५० मिलिमीटर जाडीचा रंगीत पत्रा, चौरस फुटाला १४० रुपये. अकराशे चौरस फूट धरून १,५४,००० रुपये, त्यातले ८०,००० आगाऊ. आणि मग सहज बोलल्यासारखं एक वाक्य: "जुना माल आम्हीच उचलून नेतो, त्याचे वेगळे पैसे लावत नाही."

सगळी मेख या वाक्यात आहे. ऐकताना तो उपकार वाटतो. पावसाच्या तोंडावर अंगणात कौलांचा ढीग कोण उपसत बसणार? पण जुनं मंगलोरी कौल हा राडारोडा नाही. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ही कौलं किनाऱ्याने वर कोकणात येत राहिली. नीट भाजलेलं कौल दोन-तीन पिढ्या सहज टिकतं. आज फार्महाऊस नि रिसॉर्ट बांधणारे जुनी कौलं मुद्दाम शोधत असतात, नगावर पैसे मोजतात. आणि कौलांपेक्षा मोठा माल त्यांच्या खाली असतो. आमचं आढं सागाचं अख्खं, वासे ऐन आणि किंजळाचे. जुना, मुरलेला साग घनफुटावर विकला जातो आणि त्याचा भाव विचारून बघा म्हणजे कळेल. ठेकेदाराला आमच्याकडून मिळणारी मजुरी वरकड होती. तो लाकडासाठी आला होता.

छपराची तपासणी करणारा आणि जुना माल नेणारा एकच असेल तर "सगळंच कुजलंय" याखेरीज दुसरा निदानाचा शब्द त्याच्या तोंडून येणार कसा?

शेजारच्या वहिनींच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. मोडकी म्हणून उतरवलेली कौलं ती माणसं हातोहात खाली देत होती आणि टेम्पोत पेंढा घालून एकेक उभं रचत होती. भंगार कोणी पेंढ्यात रचत नाही. पहिला टेम्पो आढं आणि चांगले वासे घेऊन गेला. दुसरा वाडीच्या तोंडाशी अडला, कारण तेव्हा गावोगाव करोनाचे नाके होते आणि आमच्या पोरांनी कागद मागितले. येताना घरदुरुस्तीचा पास होता, जाताना भरलेल्या मालाचा कागद कुठे? वाद नको म्हणून त्यांनी कौलं तिथेच उतरवली. निम्म्याहून जास्त कौलं त्यामुळे वाचली. सरकारी नियमाचा आमच्या घराला एवढा रोख फायदा दुसरा कधी झाला नसेल.

मधेच ठेकेदाराने आणखी एक खेळ केला. "पंचनाम्यात टक्के वाढवून घेतो, पाच हजार द्यायला लागतील." निसर्गनंतर राज्य सरकारने मदत वाढवली होती. पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० ऐवजी दीड लाख आणि किमान १५ टक्के पडझड झालेल्या घराला ६,००० ऐवजी १५,००० रुपये. या आकड्यांची चर्चा सगळ्या गावात होती, त्यामुळे त्याचं बोलणं खरं वाटण्यासारखं होतं. पंचनाम्याला आलेल्या कर्मचाऱ्यांनी एक रुपया मागितला नाही. उलट विचारलं की छप्पर आधीच उतरवलंत तर वादळाने काय मोडलं ते आम्ही बघायचं कशावरून? वाऱ्याने काय नेलं आणि माणसांनी काय काढलं, याचा पुरावाच उरला नव्हता. विम्याचंही तसंच. सर्वेक्षक येईपर्यंत ताडपत्री टाका, तात्पुरती डागडुजी करा, पण चारी बाजूंनी फोटो काढल्याशिवाय मोडलेलं काही हलवू नका. फुटलेली कौलंही फेकू नका.

मग पत्रे चढले. वरून रंग झकास, विटकरी. नंतर सुतार आला, त्याने कडा दोन बोटांत धरून वाकवून बघितली आणि काही न बोलता वजनकाटा मागवला. ही परीक्षा कोणालाही करता येते. साधारण १,२२० मिलिमीटर रुंद सपाट पत्र्यातून हे नागमोडी पत्रे वळवतात. एक मिलिमीटर जाड पोलाद चौरस मीटरला ७.८५ किलो भरतं. म्हणजे दहा फूट लांबीचा, ०.५० जाडीचा पत्रा साडेचौदा किलोच्या आसपास हवा. आमचा जेमतेम दहा किलो भरला, म्हणजे ०.३५. नामांकित कंपनीच्या पत्र्याच्या मागच्या बाजूला कंपनीचं नाव आणि जाडी छापलेली असते. आमच्या पत्र्यांची पाठ कोरी. रबरी वॉशरच्या स्क्रूऐवजी बऱ्याच ठिकाणी साधे खिळे, आणि तेही आढ्याला नि वळचणीला सगळ्यात कमी, जिथे वारा उचलतो तिथेच. पत्र्यावर पत्रा सहा इंच तरी चढायला हवा, तो कुठे तीन, कुठे चार. पहिल्याच पावसात माजघरात पातेली मांडावी लागली.

ठेकेदाराला फोन केला तर "पाऊस उघडला की येतो दादा, काळजी करू नका." पुढे नुसती रिंग. पुढे बंद. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावरून वर सरकलं तेव्हा निसर्गच्या मानाने आमच्याकडे वारा कमी होता, तरी नैऋत्येचा कोपरा उचकटला आणि दोन पत्रे शेजारच्या वाडीत सापडले. माणसाला लागले नाहीत, एवढंच. कौलं उडाली तरी बहुतेक घराजवळच पडतात. सुटलेला पत्रा सुरीसारखा जातो.

काम शेवटी वाडीतल्या सुताराने सावरलं. त्याची तपासायची रीत सांगतो, कारण छप्पर खरंच किती गेलंय हे कळायला वर चढायची गरज नसते, आणि ओल्या कौलांवर अनोळखी माणसाने चढूही नये. भर दुपारी दारं-खिडक्या लावून आतून वर बघायचं. जिथून उजेड येतो तिथे कौल सरकलंय किंवा फुटलंय. खडूने खाली जमिनीवर खूण करायची. वाशांवर ओलीचे ओघळ दिसतात, ते ताजे की जुने हे रंगावरून कळतं: जुन्या ओघळाची कड पांढुरकी होते. वाळवीच्या मातीच्या नळ्या भिंतीवरून वर जाताना दिसतात, त्या नसतील तर "सगळीकडे वाळवी" हे लगेच मानायचं नाही. लाकूड कुजतं ते बहुतेक भिंतीवर टेकलेल्या टोकाशी आणि वळचणीशी, कारण पाणी तिथे मुरतं. तिथे टोचणी घाला. टोक गेलं म्हणून अख्खा वासा जात नाही, नवा तुकडा जोडून तो उभा राहतो.

कौलाची परीक्षा तर कानाने होते. एक कौल हातात उभं धरून बोटाच्या पेराने टिचकी मारायची. चांगलं असेल तर खणखणतं. बारीक तडा असेल, डोळ्याला न दिसणारा, तरी बद्द आवाज येतो. सुताराने नाक्यावर वाचलेली सगळी कौलं अशी वाजवून घेतली. "कुजली", "संपली" म्हणून उतरवलेल्या त्या ढिगात बद्द निघालेली कौलं दोन घमेली भरतील इतकीच होती. स्वयंपाकघर आणि माजघर त्याच कौलांनी पुन्हा शाकारलं. वासे नवे घ्यावे लागले, ते मात्र सागाचे नाहीत. परवडले नाहीत.

तक्रारीचं काय झालं, असं बरेच जण विचारतात. पोलीस ठाण्यात सांगितलं गेलं की काम झालंय, निकृष्ट आहे, म्हणजे हा दिवाणी वाद. ग्राहक आयोगाकडे जायचा मार्ग होता. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. पण प्रतिवादी म्हणून नाव कोणाचं घालायचं? बिल दिलंच नव्हतं. यूपीआयने पाठवलेले पैसे तीन निरनिराळ्या नावांच्या खात्यांत गेले होते, "एकाची लिमिट संपली, या नंबरवर टाका" असं करत. त्या तीन नावांपैकी एकही समोर कामाला आलेल्या माणसाचं नव्हतं.

तेव्हा छप्पर कोणाकडूनही करा, पैसे एकाच खात्यात टाका आणि त्या खात्याचं नाव बिलावरच्या नावाशी जुळतंय का बघा. कागदावर पत्र्याची कंपनी, जाडी, स्क्रूचा प्रकार लिहून घ्या. रंग धरून जाडी की रंग सोडून, हेही विचारा. उतरवलेली कौलं, वासे, आढं घरमालकाचं, अंगणात रचून ठेवायचं, हे वेगळ्या ओळीत लिहा. ती ओळ वाचून जो ठेकेदार दर वाढवतो किंवा "मग आम्हाला परवडत नाही" म्हणतो, त्याला तिथूनच परत पाठवा. आणि काही बिनसलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. फोन करायच्या आधी बिल, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आणि टेम्पोच्या नंबरप्लेटचा फोटो जवळ ठेवा. आमच्याकडे शेवटचा नव्हता.