एका हंगामानंतर: डायनिमा गाभ्याचा हॅलयार्ड की साधा पॉलिएस्टर?

मुंबई बंदरात शीडबोटी साधारण ऑक्टोबर ते मे चालतात. हा अख्खा हंगाम चोवीस फुटी बोटीवर दोन हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचे दोर, वापरले. मोठ्या शिडाला डायनिमा (फारच कमी ताणणारा, मजबूत कृत्रिम तंतू) गाभा आणि पॉलिएस्टर आवरणाचा ८ मिमी दोर, पुढच्या शिडाला त्याच जाडीचा, दुहेरी विणीचा पूर्ण पॉलिएस्टर.

फरक पहिल्याच आठवड्यात कळतो, तो ताणाचा. पॉलिएस्टर नेहमीच्या भाराला साधारण २ टक्के लांबतो; दहा मीटर दोरात ते २० सेंमी होतात. दुपारी वायव्येचा वारा चढला की शीड खाली येतं, पुढच्या काठाला सुरकुत्या पडतात, फुगवटा मागे सरकतो आणि बोट नको तितकी कलते. मग पुन्हा विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या फिरत्या ड्रमवर, दोर घ्या. डायनिमाचा दोर सकाळी जिथे अडकवला, संध्याकाळी जवळपास तिथेच असतो.

लेबलावरची तुटण्याची क्षमता पाहून दोर निवडू नये. या आकाराच्या बोटीवर हॅलयार्डला काहीशे किलोचा भार येतो आणि चांगला ८ मिमी पॉलिएस्टरही दीड टनाच्या पुढे टिकतो. दोर मरतो तो घासून आणि उन्हाने. शीड दर वेळी त्याच उंचीवर जातं, म्हणून कप्पीवर आणि क्लचच्या (दोर पकडून ठेवणाऱ्या चिमट्याच्या) दातांत दोराचा तोच तुकडा येतो. डायनिमाच्या दोराचं आवरण क्लचपाशी लवकर पिंजलं. गाभा गुळगुळीत, भार सगळा त्याच्यावर, त्यामुळे वरचं आवरण सरकतं. दोर कापण्याआधी आवरण हाताने टोकाकडे ओढून घ्या आणि टोकाला गाभ्यासकट मजबूत दोऱ्याने शिवा. आवरण काढून नुसता गाभा विंचवर मात्र चालवू नका. घर्षणाने दोर तापतो आणि डायनिमा १५० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतो, पॉलिएस्टर २६० च्या आसपास.

नवा दोर घालण्याआधी डोलकाठीच्या माथ्यावरची कप्पी पाहाच. पूर्वी तारेचा हॅलयार्ड असेल तर खाच अरुंद, व्ही आकाराची असते. दोर तीत चिमटतो. गोल खाचेची कप्पी हवी, व्यास दोराच्या किमान आठपट, म्हणजे इथे ६४ मिमी. कडेवरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर तिथे धार आहे, बारीक पॉलिश पेपरने घासा.

डायनिमाला गाठ मानवत नाही. ती सरकते आणि ताकद निम्म्यावर येते. शिडाला जोडायच्या शॅकलला (धातूच्या कडीला) आय स्प्लाइसच करावा, म्हणजे दोराचं टोक त्याच दोरात विणून फासा करावा. आवरण नसलेल्या बारा पेडी दोरात फाशाचं मोकळं टोक व्यासाच्या ७२ पट आत घालतात, ६ मिमीला सुमारे ४३ सेंमी, आणि वरून टाके.

नायलॉन नांगरासाठी उत्तम, कारण तो ताणतो. शिडासाठी त्याच कारणाने बाद. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आहे, पण आपल्या उन्हात त्याचे तंतू भुरभुरीत होतात. शिडाला तो कधीही बांधू नये.

फक्त फेरफटक्याला जाणाऱ्यांनी दोन्हीकडे पॉलिएस्टर घेतला तरी चालेल. शर्यत असेल तर मोठ्या शिडाला डायनिमा घ्याच, पैसे वसूल होतात.

पावसाळ्यात हॅलयार्ड काढून ठेवा. हॅलयार्डच्या मोकळ्या टोकाला बारीक दोरी टोकाला टोक लावून शिवा, सांध्यावर टेप गुंडाळा आणि हॅलयार्ड ओढून घ्या; त्याच्या जागी राहिलेल्या बारीक दोरीने तो नंतर परत घालता येतो. काढलेला दोर गोड्या पाण्यात सौम्य साबणाने धुवा, ब्लीच नको. विणीत बसलेलं मीठ आतून तंतू कापतं. खरेदी करताना लागेल त्यापेक्षा मीटरभर दोर जास्त घ्या, म्हणजे दर हंगामाला शॅकलकडून ३० सेंमी कापून घासणारी जागा बदलता येते. अर्थात स्प्लाइस पुन्हा करावा लागतो.