वेताळ टेकडीचा रिव्ह्यू: बागेचे मार्क टेकडीला लावू नका

पुण्यात टेकडीला रेटिंग देताना लोक सरळ बागेचे मार्क लावतात आणि मला ते अजिबात पटत नाही. वेताळ टेकडीबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते वाचा, टॉयलेट नाही म्हणून एक स्टार, मुलांना खेळायला काही नाही म्हणून दोन स्टार, आणि "उन्हाळ्यात काहीच बघण्यासारखं नाही, सगळं वाळलेलं" म्हणून तीन. अहो ती टेकडी आहे, उन्हाळ्यात ती वाळणारच, आपल्याकडचं गवत डिसेंबरात पिवळं पडतं आणि जूनमध्ये पाऊस पडला की परत उगवतं, हेच तिचं चक्र आहे.

आता माझा अनुभव सांगते. मी कोथरूडची, लग्न होऊन आल्यापासून टेकडीवर जातेय. आमच्या बाजूने चढ जरा अंगावर येतो, सासूबाईंना घेऊन जायचं असलं की मग लॉ कॉलेज रोडवरून एआरएआयचा (टेकडीवरच्या गाड्यांच्या संशोधन संस्थेचा) रस्ता आहे तिकडून जातो, तो डांबरी आहे आणि गुडघ्यांना झेपतो. शिवाय गोखलेनगर, चतुःशृंगी, पाषाणची पंचवटी, कुठूनही वर निघता येतं आणि प्रत्येक बाजूचे लोक आपलीच वाट चांगली म्हणून भांडतात. शहराच्या आत यापेक्षा उंच जागा नाही, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. वर वेताळबाबाचं देऊळ, तिथल्या कट्ट्यावर सकाळी आज्यांचा ग्रुप बसलेला असतो, त्या डब्यातून काहीतरी आणतात आणि ओळख नसली तरी हातावर ठेवतात.

माझे स्टार कशासाठी ते सांगते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि पांगारा फुलतो तेव्हा जा. पांगाऱ्याला तेव्हा एक पान नसतं, नुसती लाल फुलं, आणि त्यावर मैना, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी सगळे एकदम तुटून पडलेले असतात, झाडाखाली दहा मिनिटं उभं राहिलं तर डोक्यावर पाकळ्या पडतात. पावसाळ्याच्या तोंडाला नवरंग पक्षी येतो, त्याची शिट्टी एकदा ओळखता आली की मग तो दिसेपर्यंत माणूस हलत नाही. सप्टेंबरात कुर्डू आणि तेरडा फुलतो. मोर तर ओरडतातच, दिसतातही.

आणि जे वाईट ते पण लिहायलाच हवं. टू-व्हीलर घेऊन वर येणारी पोरं पायवाटा फाडून टाकतात, चाकोरीत पावसाचं पाणी वाहतं, माती जाते आणि खाली नुसता मुरूम उरतो, त्यावरून उतरताना जानेवारीत पाय असा सरकतो की धडधाकट माणूस पण बसकण मारतो. जुन्या खाणीच्या कडेला फुटलेल्या बाटल्या असतात, अनवाणी फिरणारे लोक आहेत वर, कुत्री आहेत, त्यांच्या पायाला लागतं. खाणीत पाणी बघून पोहायला कोणी उतरू नका, खोल आहे. अंधार पडल्यावर बाईने एकटीने थांबू नये असं मी स्पष्ट सांगते, टेकड्यांवर लुटल्याच्या बातम्या येतच असतात, आणि गस्त वाढवा ही मागणी मात्र शंभर टक्के बरोबर आहे, ती करा, त्यासाठी स्टार कमी केला तर मी समजू शकते.

माझं खरं दुःख वेगळंच आहे. टेकडीचा मोठा भाग गिरिपुष्पाने भरलाय. मूळचं मेक्सिकोकडचं झाड, भराभर वाढतं म्हणून वनीकरणात लावलं गेलं, फुललं की गुलाबी दिसतं आणि लोक फोटो काढून "पुण्याचा चेरी ब्लॉसम" लिहितात. पण त्याच्या खाली बसून बघा एकदा, गवत विरळ, खाली फारसं काही उगवलेलं नाही, पक्ष्यांचा आवाज पण कमी. तिथून शंभर पावलांवर इथल्याच हिवर-खैराच्या झाडांच्या पट्ट्यात या, फरक कानालाच कळतो. आणि दर ५ जूनला, पर्यावरण दिनाला, बॅनर घेऊन जे ग्रुप येतात ना, मोकळ्या माळावर खड्डे खणून रोपं लावतात, त्यांना हात जोडून सांगणं आहे की तो माळ रिकामा नाहीये, चंडोल आणि टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. एक काका आहेत, ते पाठीवर पाण्याचा कॅन घेऊन वर येतात आणि दुसऱ्यांनी लावून सोडून दिलेली रोपं मार्चपर्यंत जगवतात, मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

शहरातल्या इतर जागा वाईट आहेत असं नाही. सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान मला मनापासून आवडतं, जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलंय, पाणी, पूल, कातरलेली हिरवळ, पाहुण्यांना न्यायला एक नंबर. तळजाई टेकडीला रुंद सपाट वाटा आहेत, बायपास झालेल्या माणसाला मी तळजाईच सुचवीन. पण बागेत माळी लागतो आणि टेकडीला आपण हात न लावणं लागतं, दोन्हीला एकच कागद घेऊन मार्क कसे द्यायचे?

म्हणून तर या टेकडीवरून आखलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्याला एवढा विरोध झाला. २०२३ च्या एप्रिलमध्ये टेकडीसाठी लोक रस्त्यावर उतरले, मॉर्निंग वॉकवाले, पक्षीवाले, शाळेतली पोरं. लॉ कॉलेज रोडवरचं ट्रॅफिक मीही रोज भोगते, तरी मी विरोधातच आहे, कारण पावसाचं पाणी या टेकडीत मुरतं आणि खालच्या सोसायट्यांच्या बोअरला तेच येतं, आणि टँकरच्या रांगा आम्ही बघितल्यात.

माझे पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो काचांसाठी आणि गाड्यांसाठी. जाणार असाल तर सकाळी उन्हाच्या आत जा, पाण्याची बाटली घरून न्या, वर विकत मिळेल या भरवशावर राहू नका, ग्रिपचे बूट घाला, स्पीकर घरी ठेवा. लहान मुलं असतील तर एआरएआयच्या बाजूने या आणि खाणीजवळ हात सोडू नका.